दाखल-खारीज रजिस्टरातला कागद

किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशिम
दि. २१ नोव्हेंबर २०२४

आयु. धम्मदीपा हिस,
सप्रेम जयभीम.

मी, नरेंद्र पुंजाजी पडघान, वय चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, येथील माध्यमिक शाळेत मुख्य लिपिक, नात्याने तुझा चुलतकाका, हे पत्र एका वैद्यकीय प्रश्नाचे उत्तर मिळावे एवढ्याच हेतूने लिहीत आहे. तुझे वडील पंजाबराव आणि मी चुलतभाऊ. तू सातवीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस आमच्याकडे राहिली होतीस आणि एकदा अंगणातील हौदात पडली होतीस. त्यानंतर आपली भेट केवळ लग्नकार्यात झाली. तू पुण्यात कर्करोगाच्या गाठी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत संशोधन करतेस, असे तुझ्या आईकडून कळते; म्हणून तुला विचारत आहे.

तुझ्या पंचफुला काकूस अंडाशयाचा कर्करोग असल्याचे ऑगस्टअखेर निश्चित झाले. टप्पा तिसरा. दि. १२ सप्टेंबर रोजी अकोल्याच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. डोळ्यांना दिसणारी सर्व गाठ काढली गेली, मागे काही शिल्लक नाही, असे शस्त्रक्रियेच्या टिपणात नमूद आहे. दि. ७ ऑक्टोबरपासून दर एकवीस दिवसांनी केमो सुरू आहे. एकूण सहा द्यावयाच्या असून तिसरी गेल्या सोमवारी झाली. सीए-१२५ हा रक्तातील आकडा शस्त्रक्रियेपूर्वी ११४० होता, दुसऱ्या केमोनंतर ४६ आला. केस गेले आहेत. जेवण निम्म्यावर आले आहे. स्वभावात बदल नाही.

चौथी केमो ९ डिसेंबरला व पाचवी ३० डिसेंबरला येते. आमच्या वैभवीचा विवाह रविवार, दि. ५ जानेवारी रोजी करण्याचे ठरविले आहे. वर प्रसेनजित, इंझोरीच्या उकंडरावांचा मुलगा, शिक्षक. केमोनंतर आठ दिवस काकूस उभे राहवत नाही. त्यामुळे पाचवी केमो तीन आठवडे पुढे, म्हणजे २० जानेवारीस, घेतल्यास चालेल काय, हा माझा प्रश्न आहे. अकोल्याच्या डॉक्टरांना मी हे अद्याप विचारलेले नाही. ते कारण विचारतील.

फोन न करता पत्र लिहिण्याचे कारण असे की आमचे घर तीन खोल्यांचे असून फोनवरील बोलणे तिन्ही खोल्यांत ऐकू जाते. उत्तर कृपया शाळेच्या पत्त्यावर, माझ्या नावे, स्पीड पोस्टाने पाठवावे. घरच्या पत्त्यावर पाठवू नये.

तुझा काका,
नरेंद्र पडघान


पुणे
२८ नोव्हेंबर २०२४

नरेंद्रकाका,
जयभीम.

तुमचे पत्र मिळाले. दोनदा वाचले. पहिल्यांदा काकूसाठी, दुसऱ्यांदा तुमच्यासाठी.

आधी एक दुरुस्ती. हौदात मी पडले नव्हते, मला ढकलले होते. कोणी, ते काकूला विचारा.

आता तुमचा प्रश्न. मी गाठींचे तुकडे पाहते, माणसे पाहत नाही. त्यामुळे काकूच्या डॉक्टरांच्या खुर्चीत मला बसता येणार नाही. पण एवढे नक्की सांगते. केमोमधले अंतर डॉक्टर वाढवतात ते रक्तातल्या पेशी कमी झाल्या, ताप आला, अशा कारणांसाठी. मांडवासाठी नाही. एकवीस दिवसांचे बेचाळीस करण्याआधी तुम्ही त्यांना विचारलेच पाहिजे, आणि ते नाही म्हणतील असे मला वाटते. आकडा ११४० वरून ४६ वर आला आहे. इतके चांगले चाललेले काम मध्येच कशाला थांबवायचे?

काका, तुम्ही मला गाठीचा टप्पा दिला, तारखा दिल्या, वार दिले, नवऱ्या मुलाची नोकरी दिली. एक गोष्ट दिली नाही. घाई कोणाला आहे? इंझोरीच्या लोकांना? आई म्हणत होती की वैभवीची नर्सिंगची शेवटची परीक्षा आठ जानेवारीपासून आहे. पाचला लग्न आणि आठला परीक्षा? ती काय हळदीच्या हातांनी पेपर लिहिणार आहे?

आपल्या घरात कधी कोणी मुहूर्त पाहिला नाही. मग पाच जानेवारीच काहून?

तुमची पुतणी,
धम्मदीपा


किन्हीराजा
दि. ४ डिसेंबर २०२४

आयु. धम्मदीपा हिस,
सप्रेम जयभीम.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देणे मला भाग आहे. खोटे कारण लिहून पाहिले. तीन मसुदे फाडावे लागले.

सप्टेंबरअखेर टाके काढून आल्यावर मी काकूची फाइल तारखेप्रमाणे लावत होतो. तीत इतर अहवालांसोबत टाचलेला एक कागद आढळला. त्यावर नाव नव्हते. नोंदणी क्रमांक मात्र काकूचा होता, तो मी चार वेळा पडताळला. गाठीतील मूळपेशींच्या खुणा, असे त्याचे शीर्षक होते. सीडी १३३ आणि एएलडीएच १ अशी दोन नावे, आणि दोन्हींपुढे ‘जास्त’ असा शेरा. तळाशी बारीक अक्षरांत ‘केवळ संशोधनासाठी, उपचाराच्या निर्णयासाठी नव्हे’ असे छापलेले होते. ते मी वाचले होते. अशा ओळी संस्था स्वतःच्या बचावासाठी छापतात, असा माझा समज झाला.

त्यानंतर नऊ दिवस शाळा सुटल्यावर कार्यालयातील संगणकावर मी या दोन नावांचा शोध घेतला. इंग्रजी कठीण होते, पण तक्ते मला वाचता येतात. एका निबंधात, दोन्ही खुणा जास्त असलेल्या स्त्रियांच्या गटात, रोग परतण्याचा मध्यक काल अकरा महिने दिला आहे. निबंधाचे नाव सोबतच्या चिठ्ठीवर लिहिले आहे. शस्त्रक्रियेपासून अकरा महिने म्हणजे १२ ऑगस्ट २०२५. रोग परतण्यापूर्वी अशक्तपणा येणार, म्हणून मी तीन महिने वजा केले, मे आला. एप्रिल-मेच्या उन्हात तिला मांडवात बसवणार नाही, म्हणून मार्चअखेर. अनपेक्षित अडचणींसाठी आणखी बारा आठवडे राखून ठेवणे योग्य वाटले. अशा रीतीने ५ जानेवारी निघाली. रविवार असल्याने नातलगांनाही सोयीची.

घाई इंझोरीची नाही. मीच उकंडरावांना फोन करून, पुढे मंगल कार्यालय मिळणार नाही, असे सांगितले. वैभवीला सांगितले की परीक्षेला उन्हाळ्यात बस. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “बाबा, माही परीक्षा तुमाले कधीपासून जड झाली?”

काकूस मी काहीही सांगितलेले नाही. मागच्या आठवड्यात तिने अंगणात लावायला कागदी लिंबाचे कलम आणण्यास सांगितले. ते फळायला तीन-चार वर्षे लागतात. “आताच कायले?” असे माझ्या तोंडून निघून गेले. ती तांदूळ निवडत बसली. तिला काही कळले असावे, असे मला वाटत नाही.

सदर कागद शाळेच्या कपाटात, सन १९९४-९५ च्या दाखल-खारीज रजिस्टरात ठेवला आहे. जुना विद्यार्थी शाळा सोडल्याचा दाखला मागायला आला तरच ते रजिस्टर उघडले जाते.

माझी मोजणी तपासून पाहावी. चूक असल्यास कोठे, ते लिहावे. बरोबर असल्यास तेही लिहावे. मी वाचू शकेन.

तुझा काका,
नरेंद्र पडघान


पुणे
१० डिसेंबर २०२४

काका,
जयभीम.

अकरा महिने, १२ ऑगस्ट ही मोजणी चुकली आहे. वजाबाकीत नाही, पहिल्याच ओळीत.

शेतातला कुंदा तुम्हाला ठाऊक आहे. वरून कितीही कापला तरी जमिनीत गाठ राहिली की तो पुन्हा उगवतो. कर्करोगाच्या गाठीतही अशा थोड्या पेशी असाव्यात, त्या केमोला दाद देत नसाव्यात आणि पुढे त्यांच्यातूनच रोग पुन्हा उभा राहत असावा, असे आम्हाला वाटते. ‘वाटते’ हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. त्या पेशी ओळखण्यासाठी आम्ही गाठीच्या पातळ कापावर रंग चढवतो. ज्या पेशी रंग धरतात त्यांच्यावर ती खूण आहे, असे म्हणतो. अडचण ही की रंग धरणारी प्रत्येक पेशी कुंद्याची गाठ नसते, आणि काही गाठी रंगच धरत नाहीत. शंभरात दहा पेशी रंगल्या की एक प्रयोगशाळा ‘जास्त’ लिहिते. दुसरी पन्नास झाल्याशिवाय लिहीत नाही. सीडी १३३ जास्त असलेल्या बायकांचे पुढे कमी चांगले झाले, असे बऱ्याच अभ्यासांत दिसते. काहींत फरकच दिसत नाही. एएलडीएचचे तर काही ठिकाणी उलटे निघाले आहे. ज्यांच्यात ते जास्त, त्याच बायका अधिक जगल्या. आम्ही यावर अजून भांडतो आहोत, काका. आणि तुम्ही त्यावरून कार्यालय बुक केले.

तुमचा तो निबंध मी काढून वाचला. त्या गटात फक्त एकोणतीस बायका आहेत. त्यांतल्या वीस जणींच्या पोटात शस्त्रक्रियेनंतरही गाठ शिल्लक होती. काकूच्या पोटात नाही. मग तो गट काकूचा कसा?

आता मध्यक, म्हणजे अर्ध्या जणी त्याच्या अलीकडे आणि अर्ध्या पलीकडे. तो तर तुम्ही कॉलेजात शिकलात. दहावीच्या निकालाचे तक्ते दरवर्षी तुम्हीच करता. समजा, शाळेचा मध्यक एकसष्ट टक्के आला. परीक्षेला बसण्याआधीच एखाद्या मुलीच्या गुणपत्रिकेवर तुम्ही एकसष्ट लिहून द्याल का? आणि तेही दुसऱ्याच शाळेचा मध्यक पाहून?

तुम्हाला खोटा धीर देणार नाही. तिसऱ्या टप्प्याचा हा रोग पुष्कळ जणींत परत येतो. काकूचा येणार नाही, असे मी लिहून देऊ शकत नाही. पण गाठ पूर्ण निघणे, आकडा झपाट्याने उतरणे, या गोष्टींवर डॉक्टर भिस्त ठेवतात, आणि या दोन्ही काकूच्या बाजूने आहेत. तुमच्या त्या कागदात तारीख नाही. कुठल्याच कागदात नाही.

एक कबुली. असे कागद मी रोज सात-आठ तयार करते. नाव नसते, क्रमांक असतो. त्यातला एखादा चुकून कुणाच्या घरी पोचेल आणि एखादा माणूस नऊ दिवस शाळेच्या संगणकापुढे बसेल, हे माझ्या कधी मनातही आले नव्हते. काल एक कागद करताना हात थांबला.

आता तीन कामे करा. पाचवी केमो ठरल्या दिवशीच होऊ द्या. तो कागद चौऱ्याण्णवच्या रजिस्टरातून काढून अकोल्याच्या डॉक्टरांपुढे ठेवा. आणि काकूला सांगा. वर्षअखेरपर्यंत तुम्ही सांगितले नाही, तर मी फोन करीन, आणि तो तिन्ही खोल्यांत ऐकू जाईल.

धम्मदीपा


किन्हीराजा
१९ डिसेंबर

धम्मदीपा पोरी,
जयभीम.

तुह्या काकासारखं मले लेहिता येत नाई. सातवी शिकली मी. पण आता लेहिल्याबिगर राहवत नाई.

तुह्यं पाकीट मह्याच हातात आलं. शनिवारी शाया सकायची असते. डाकवाला आला तवा शायेले कुलूप. त्यानं पडघान नाव वाचलं अन घरी आणून देलं. नाव ह्याईचं होतं, पण पाठवणारी तू. मले वाटलं तुह्यं लगन जुळलं का काय, म्हून फोडलं. चुलीपाशी बसून वाचलं. जे नाई समजलं ते वैभवीनं सांगतलं.

आता तुले खरं सांगतो. अकरा महिने वाचून मले हासू आलं. इतकं हासू आलं का वैभवी घाबरून पाणी घेऊन आली. काहून का, मी तं दोन महिने धरून चालली होती! सप्टेंबरपासून ह्या माणसाचं तोंड पाहून राह्यली मी. पोरीची परीक्षा सोडून लगन करतो म्हणते. लिंबाचं कलम मांगतलं तं आताच कायले म्हणते. मी समजली, डाक्तरनं ह्याईले दोन महिने सांगतले अन हे मले सांगत नाई. म्हून मीबी काई इचारलं नाई. पाच तारीख म्हणते तं पाच. कोणतं लुगडं कोणाले, कोणतं भांडं कोणाले, सारं मनातल्या मनात वाटून ठेवलं. तुह्या आईले पाण्याचा पितयी गुंड देणार होती. आता देत नाई, सांगून देजो.

सोमवारी डबा घेऊन शायेत गेली. लखीराम शिपाई दारातच उभा होता. मी ह्याईच्या टेबलापुढं जाऊन म्हटलं, “काढा तो कागद.”

“कोणता?”

“चौऱ्याण्णवच्या रजिस्टरातला.”

लखीराम म्हणे, “बाबूजी, वयनीले दाखला पाह्यजे काय?”

मी म्हटलं, “हो भाऊ. हयातीचा.”

काढला. टेबलावर ठेवला. लखीरामले मी चहा आणाले पाठवलं. मंग म्हटलं, “मामंजीनं छप्पनच्या साली दीक्षा घेऊन आल्याबरोबर घरातल्या साऱ्या पत्रिका चुलीत घातल्या. तवापासून ह्या घरात कोणाचं लगन मुहूर्त पाहून झालं नाई. तुमचं-माहं झालं काय? अन तुमी गाठीच्या कागदाची पत्रिका केली! अन वरून मुहूर्तबी काढला!”

चष्मा काढला, पुसला, परत लावला. मंग म्हणे, “माझी मोजणी चुकली.”

मी म्हटलं, “मोजणीचं सोडा. मले काहून नाई इचारलं?”

तवा रडले. शायेत, टेबलावर. मह्या ऑपरेशनच्या दिवशीबी नोते रडले.

अन तो कागद तं घरी याचाच नोता. ऑपरेशनच्या आधी एक पोरगी आली होती, तुह्याएवढीच. म्हणे, मावशी, गाठीचा तुकडा अभ्यासाले देता काय. मी सई केली. निकाल सांगू काय म्हणे. मी म्हटलं नको, मी काय करू त्याचं? दुसऱ्या कोण्या बाईच्या कामी येऊ दे. हे तवा बाहेर औषधाच्या लायनीत होते. मी सांगतलं नाई, त्याईनं इचारलं नाई.

उकंडरावाले मीच फोन लावला. म्हटलं, भाऊ, लगन उन्हाळ्यात करू, पोरीले पेपर देऊ द्या. तं ते म्हणे, “वयनी, आमाले कायची घाई होती? तुमच्याच घरून फोन आला होता.” वैभवी पुस्तकं घेऊन बसली हाय. तीस तारखेले केमो हाय, मी जाऊन राह्यली.

राग हाय मले, नाई असं नाई. तीन महिने एका घरात दोघं एकमेकापासून लपवून बसलो. हे अकरा महिने लपवत होते, मी दोन. पण त्या सोमवारपासून मी दोन भाकरी खाऊन राह्यली.

हौदाचं ह्याईनं आता इचारलं. तुले मीच ढकललं होतं. दुपारभर गरम होते, गरम होते म्हून रडून राह्यली होती तू.

तुही काकू,
पंचफुला


किन्हीराजा
दि. २ जानेवारी २०२५

आयु. धम्मदीपा हिस,
सप्रेम जयभीम.

दि. ३० डिसेंबरची केमो दि. ३० डिसेंबर रोजीच झाली.

तू सांगितलेल्या तीन कामांपैकी तिसरे, म्हणजे काकूस सांगणे, माझ्या हातून झाले नाही. ते टपाल खात्याने केले. उरलेली दोन मी केली. कागद डॉक्टरांपुढे ठेवला. तो फाइलला लागायला नको होता, असे ते म्हणाले आणि त्यांनी काकूची माफी मागितली. त्यावर काकू म्हणाली, “तुमी नका मांगू साहेब. ज्यानं वाचला त्यानं मांगतली.” कागद त्यांनी ठेवून घेतला. अभ्यासासाठीची काकूची परवानगी कायम आहे काय, असेही विचारले. ती हो म्हणाली.

मी त्यांना विचारले की आता पुढे काय समजावे. ते म्हणाले, सहावी झाली की स्कॅन करू, मग दर तीन महिन्यांनी तपासू. त्यापुढचे मला माहीत नाही. एखाद्या जाणत्या माणसाने ‘मला माहीत नाही’ म्हणावे आणि ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडावा, हे मी पूर्वी मानले नसते. परतीच्या बसमध्ये मी मालेगावपर्यंत झोपलो. सप्टेंबरपासून मला बसमध्ये झोप लागली नव्हती. काकूने खिडकीकडची जागा घेतली आणि माझी पिशवी सांभाळली. रुग्ण कोण, असे कंडक्टरने विचारले असते तर उत्तर देणे कठीण गेले असते.

तुझे दि. १० चे पत्र मी पुन्हा वाचले. मध्यकाविषयी तू जे लिहिलेस ते मला एकोणीसशे नव्वद सालापासून माहीत आहे. विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी ते कधीही विसरलो नाही. घरच्या माणसाच्या बाबतीत विसरलो. ही चूक मी लेखी मान्य करतो.

वैभवीचे पेपर ८ तारखेपासून आहेत. ती माझ्याशी बोलते. काल म्हणाली, “बाबा, आता तुमी पेपरच्या आदल्या दिवशी माह्या नापास व्हायची तारीख काढू नका.”

तुझा काका,
नरेंद्र पडघान


पुणे
१ जून २०२५

काका,
जयभीम.

लग्नाहून परत आले, पण कान अजून किन्हीराजातच आहेत. पंचवीस मेचे ते ऊन, आणि काकू दोन बोटे केसांवर पदर न घेता सगळ्या मांडवात फिरत होती! मी म्हटले, काकू, जरा बस. तर म्हणाली, “बसाचं काम नवरीचं.” तुमच्या वजाबाकीत मे महिना बाद होता, आठवते?

जानेवारीत, सहावी केमो पेशी कमी झाल्यामुळे आठ दिवस लांबली होती तेव्हाची, तुमची आठवण सांगू? तुम्ही चक्क फोन केलात. मोठ्या आवाजात, काकूच्या शेजारी बसून. मागून ती सांगत होती, “इचारा तिले, घाबराचं काय?” आणि तुम्ही तिला विचारत होता, “तू घाबरलीस काय?” मला उत्तर द्यायला जागाच उरली नव्हती.

आमच्या प्रयोगशाळेत मी एक बदल करून घेतला. संशोधनाचे कागद आता रुग्णालयाच्या फाइलच्या वाटेने जात नाहीत. वरिष्ठांनी कारण विचारले. मी म्हटले, आमच्या घरात एक मुहूर्त निघाला होता.

आईला गुंड मिळाला नाही, याचे तिला अजून वाईट वाटते. असे काकूला सांगा. ती खूश होईल.

धम्मदीपा


आयु. धम्मदीपा हिस,
सप्रेम जयभीम.

काल मंगळवार, दि. १२ ऑगस्ट होता. मी एक दिवसाची किरकोळ रजा घेतली. अर्जात कारण ‘घरगुती’ असे लिहिले. मुख्याध्यापकांनी चौकशी केली नाही.

तपासणी त्याआधीच, दि. ५ रोजी, झाली होती. सीए-१२५ अकरा. स्कॅनमध्ये काही आढळले नाही. वैभवी उत्तीर्ण झाली असून वाशिमला नोकरीस लागली आहे. तिने अहवाल स्वतः वाचून आईला समजावून सांगितला आणि मला वाचू दिला नाही. म्हणजे काल चिंता करण्याचे कोणतेही कारण माझ्याजवळ नव्हते. तरीही सकाळपासून मी घरातच होतो. काकू पाणी भरायला गेली, मी मागे गेलो. ती तांदूळ निवडायला बसली, मी पेपर घेऊन समोर बसलो. तिचे केस आता कानापर्यंत आले आहेत, दाट आणि कुरळे. पूर्वी कधी कुरळे नव्हते.

अकरा वाजता तिने मान वर न करता विचारले, “काय पाहून राह्यले?”

“काही नाही.”

“आज बारा तारीख हाय. मले माहीत नाई काय? पत्र मीच फोडलं होतं.” मग ती उठली, गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली कुदळ घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. “रजा घेतलीच हाय तं घ्या. नुसतं पाहून काय होते?”

हौदाच्या पलीकडे ओल्या फडक्यात गुंडाळलेले लिंबाचे कलम ठेवलेले होते. रविवारी लखीरामकडून तिने ते मालेगावहून मागवून घेतले होते. मला ठाऊक नव्हते. मी खड्डा खणला. दीड फूट रुंद, दीड फूट खोल. “आता मापपट्टी आणता काय?” असे ती म्हणाली. मी आणलीच होती. ती खिशातच राहू दिली. शेणखत तिने घातले, कलम तिने धरले, माती मी लोटली. वाकताना टाक्यांच्या जागी ओढ बसते, असे म्हणाली. मी धर म्हणून हात पुढे केला, तर तिने तो बाजूला करून पाण्याची बादली दाखवली.

रोग परत येणार नाही, असा याचा अर्थ नाही. तू ते लिहिले होतेस आणि मी ते विसरलेलो नाही. पुढची तपासणी नोव्हेंबरमध्ये आहे. तोपर्यंत दररोज एक बादली पाणी घालण्याचे काम माझ्याकडे देण्यात आले आहे. ते मी आज सकाळी केले.

कलमाला फळ केव्हा येईल, हे रोपवाटिकेच्या माणसाने लखीरामला सांगितले होते आणि लखीरामने ते मला सांगितले. मी ते कोठेही लिहून ठेवलेले नाही.

माझ्या दि. ४ डिसेंबर २०२४ च्या पत्रात नमूद केलेली तारीख रद्द समजावी. तिच्या जागी दुसरी तारीख देण्यात येत नाही.

तुझा काका,
नरेंद्र पुंजाजी पडघान
किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशिम
दि. १३ ऑगस्ट २०२५